मुंबई बंदरातून दोनदा निघालेले सात हजार

आरती आटोपून प्रसाद वाटून झाला की मांडवाच्या मागच्या बाजूला खुर्च्या ओढून आमची एक बैठक जमते. आपल्या मंडळात येणाऱ्या बहुतेकांना ती ठाऊक आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतले, रेल्वेतले आणि त्यांच्याबरोबर आलेली नव्या पिढीतली चार मुले तिथे असतात, आणि चहाबरोबर वर्तमानपत्रांचा समाचारही घेतला जातो. गेल्या वर्षी त्यांतल्याच एका मुलाने विचारले, "काका, परदेशातल्या युद्धाविरुद्ध निघणाऱ्या मोर्च्यांचे फोटो आधी पहिल्या पानावर यायचे. मग तिकडचे सरकार बदलले. युद्ध काही थांबले नाही. मग मोर्चे गेले कुठे?"

त्या दिवशी आमच्यापैकी कोणालाही नीट उत्तर देता आले नाही. कोणी पत्रकारांना दोष दिला, कोणी मोर्चेवाल्यांना. पण प्रश्न मनात राहिला आणि त्याच्या मागे लागून आम्ही काही जण वर्षभर जुनी पुस्तके चाळत राहिलो. शोधता शोधता जी हकीकत हाती लागली ती सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची, विलायतेतली आहे. परंतु तिचे धागे मुंबईच्या बंदराशी, पुण्याच्या छापखान्यांशी, रत्नागिरीशी आणि थोडेसे आमच्या बडोद्याशीही येऊन मिळतात. म्हणून ती या स्मरणिकेत मांडत आहोत.

१८७८ साली इंग्लंडमध्ये हुजूर पक्षाचे राज्य होते आणि डिझरायली पंतप्रधान होते. रशियाने तुर्कस्तानवर चाल केली होती आणि तुर्कांच्या बाजूने इंग्लंडने युद्धात उतरावे अशी हवा लंडनमध्ये तापली होती. संगीतगृहांतल्या एका गाण्यातून 'जिंगो' हा शब्द युद्धखोर माणसासाठी रूढ झाला तो याच वेळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाइड पार्कात युद्धविरोधी सभा बोलावल्या, तेव्हा युद्धवाद्यांच्या जमावाने त्या उधळून लावल्या. उदारमतवादी पक्षाचे नेते ग्लॅडस्टन यांच्या घराच्या काचाही फुटल्या. हे ब्रॅडलॉ पुढे १८८९ मध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला आले होते.

त्याच वसंतात डिझरायलींनी एक अनपेक्षित चाल केली. रशियाला धाक बसावा म्हणून त्यांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबई बंदरातून गलबतांत भरून भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर नेले. इंग्लंडमध्ये केवढा गहजब झाला! पार्लमेंटला न विचारता हिंदुस्थानातील फौज युरोपात आणणे म्हणजे राज्यघटनेवर घाला आहे, असे विरोधी पक्ष म्हणू लागला. लॉर्ड हार्टिंग्टन यांनी मे महिन्यात कॉमन्स सभेत याविरुद्ध ठराव मांडला. ठराव पडला, पण त्या पक्षाला मानणाऱ्या वर्तमानपत्रांना लढायला मुद्दा मिळाला. हार्टिंग्टन हे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. माल्टा मोहिमेचा खर्च ब्रिटिश खजिन्यातून दिला गेला.

त्या वर्षी इकडे काय चालले होते? दख्खनच्या भयंकर दुष्काळातून लोक नुकते कुठे उठत होते. पुढच्या दुष्काळासाठी म्हणून सरकारने नवे कर बसवले होते. आणि १४ मार्च १८७८ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी एका बैठकीत देशी भाषांतील वर्तमानपत्रांवरचा कायदा संमत करून घेतला. मॅजिस्ट्रेटने मुद्रकाकडून मुचलका लिहून घ्यावा, जामीन रक्कम मागावी, मजकूर राजद्रोही वाटला तर रक्कम जप्त करावी, छापखानाही उचलून न्यावा. याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नाही. इंग्रजी पत्रांना मात्र या कायद्याने हात लावला नाही. लोकांनी त्याला 'गळचेपीचा कायदा' म्हटले ते उगाच नाही. विलायतेत त्यावर टीका करणाऱ्यांत स्वतः ग्लॅडस्टन होते.

या कायद्याच्या जोडीला लिटन यांनी 'प्रेस कमिशनर' नावाचा एक अधिकारी नेमला होता. वर्तमानपत्रांना सरकारी बातम्या पुरवणे हे त्याचे काम. म्हणजे एका हाताने तोंड दाबायचे आणि दुसऱ्या हाताने घास भरवायचा, अशी ही व्यवस्था होती.

नोव्हेंबर १८७८ मध्ये इंग्रज फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात गंदमकचा तह झाला आणि सप्टेंबरमध्ये काबूलमधला इंग्रज वकील कॅव्हान्यारी आपल्या माणसांसह मारला गेला. जनरल रॉबर्ट्स यांची फौज काबूलवर चालून गेली. त्या कूचीत बरोबर यायला स्वतंत्र वार्ताहरांना जवळजवळ मज्जावच होता. अलाहाबादच्या 'पायोनियर'चे हॉवर्ड हेन्समन हे त्याला अपवाद, आणि त्यांचीच पत्रे लंडनच्या 'डेली न्यूज'लाही जात. काबूलमध्ये लष्करी कायद्याखाली अनेकांना फाशी देण्यात आले. फ्रेडरिक हॅरिसन यांनी डिसेंबर १८७९ मध्ये 'फोर्टनाइटली रिव्ह्यू' या मासिकात या फाशांवर झोंबरा लेख लिहिला. त्या मासिकाचे संपादक होते जॉन मोर्ले. हेही नाव पुढे येणार आहे.

खर्चाचा प्रश्न वेगळाच होता. हिंदुस्थानच्या सरहद्दीबाहेरच्या लढाईचा बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर का, असे पार्लमेंटमध्ये विचारणाऱ्यांत हेन्री फॉसेट आघाडीवर होते. हे गृहस्थ अंध होते. हिंदी प्रश्नांवर ते इतके बोलत की लोक त्यांना गमतीने 'हिंदुस्थानचे सभासद' म्हणत. इकडे देशी पत्रांची तक्रार याहून सरळ होती. दुष्काळासाठी म्हणून घेतलेला कर तोफांमागे जातो आहे, असे ती म्हणत होती.

नोव्हेंबर १८७९ मध्ये ग्लॅडस्टन यांनी स्कॉटलंडमध्ये मिडलोथियनचा प्रसिद्ध प्रचारदौरा सुरू केला. सत्तरीला आलेला हा नेता गावोगाव हजारो लोकांपुढे तासन् तास बोलत होता. अफगाण डोंगरातल्या बर्फाखाली गाडलेल्या खेड्यांतले आयुष्यही ईश्वराच्या दृष्टीने तुमच्या आयुष्याइतकेच पवित्र आहे, अशा आशयाचे त्यांचे बोलणे तर फारच गाजले. ही भाषणे तारेने लंडनला जात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत स्तंभच्या स्तंभ जशीच्या तशी छापून येत. अफगाण युद्धाला विरोध ही त्या हिवाळ्यातली सर्वांत मोठी बातमी होती.

एप्रिल १८८० मध्ये निवडणुकीचा निकाल लागला. डिझरायली गेले, ग्लॅडस्टन पंतप्रधान झाले. लिटन यांनी राजीनामा दिला आणि जूनमध्ये लॉर्ड रिपन आले.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. नव्या सरकारने दिलेल्या शब्दांपैकी बरेच पाळले. प्रेस कमिशनरचे पद बंद झाले. गळचेपीचा कायदा १८८२ च्या आरंभी रद्द झाला. एप्रिल १८८१ मध्ये कंदाहार सोडून फौजा परतल्या. पहिल्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट, म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी पौंडांवर गेलेल्या युद्धखर्चापैकी ५० लाख पौंड ब्रिटिश खजिन्याने उचलले. रिपन यांच्याविषयी आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीला जे प्रेम वाटले, ते काही फुकट वाटले नाही.

परंतु युद्ध निवडणुकीच्या निकालाबरोबर संपले नव्हते. सरकार बदलून तीन महिने झाले आणि २७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे इंग्रज फौजेचा दारुण पराभव झाला. ही फौज बहुतांशी मुंबई इलाख्याच्या सैन्यातली होती. मुंबई ग्रेनेडियर्स आणि जेकब्स रायफल्स या दोन देशी पलटणी, मुंबईचे घोडदळ आणि त्यांच्याबरोबर एक गोरी पलटण. अडीच हजारांच्या आसपास माणसे लढाईत उतरली आणि त्यांतली हजाराच्या जवळपास परत आली नाहीत. या युद्धातला हा सर्वांत मोठा पराभव.

मिडलोथियनमध्ये ज्या बर्फातल्या खेड्यांसाठी हजारो लोक थंडीत उभे राहिले होते, त्यांच्यासाठी किंवा मैवंदच्या माळावर पडलेल्या शिपायांसाठी तशी मोहीम पुन्हा निघाली नाही. अफगाणिस्तान छापून येतच होते, पण प्रश्न बदलला होता. कंदाहार ठेवायचे की सोडायचे, हा आता दोन पक्षांमधला हिशेब होता. युद्ध मुळात न्याय्य होते का, हे विचारणारी माणसे सरकारात जाऊन बसली होती. 'हिंदुस्थानचे सभासद' फॉसेट पोस्टमास्टर जनरल झाले. त्या खात्यात त्यांनी उत्तम काम केले, पण सरकारात असलेल्या माणसाला सरकारच्या हिंदुस्थानविषयक धोरणावर पूर्वीसारखे तोंड सोडता येत नाही.

वर्तमानपत्रांच्या घरातही बदल झाला. लंडनचे 'पॉल मॉल गॅझेट' हे संध्याकाळचे पत्र फ्रेडरिक ग्रीनवूड यांच्या संपादकत्वाखाली डिझरायलींच्या युद्धधोरणाचे कट्टर समर्थक होते. १८८० मध्ये मालकाने ते आपल्या जावयाला दिले. जावई उदारमतवादी निघाले. ग्रीनवूड बाहेर पडले, त्यांनी नवे पत्र काढले आणि 'पॉल मॉल'च्या खुर्चीवर आले जॉन मोर्ले. काबूलच्या फाशांवरचा लेख छापणारा संपादक आता सरकारच्या मित्रपत्राचा संपादक झाला होता.

खरी परीक्षा १८८२ मध्ये झाली. इजिप्तमध्ये अराबी पाशा या लष्करी अधिकाऱ्याच्या नेतृत्वाखाली 'इजिप्त इजिप्तवासीयांचा' अशी चळवळ उभी राहिली होती. सुएझचा कालवा आणि युरोपीय सावकारांचे कर्ज, दोन्ही तिथे अडकले होते. ११ जुलै १८८२ रोजी इंग्रज आरमाराने अलेक्झांड्रिया शहरावर तोफा डागल्या. आरमार खात्याचे प्रमुख होते लॉर्ड नॉर्थब्रूक. आम्हा बडोदेकरांना हे नाव विसरता येत नाही. १८७५ मध्ये मल्हारराव महाराजांना पदच्युत केले गेले तेव्हा व्हाइसरॉय तेच होते. चौकशी मंडळावरचे तीन गोरे सभासद एका बाजूला आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज व सर दिनकरराव हे तिघे दुसऱ्या बाजूला, असे मत दुभंगले असतानाही तो निर्णय झाला होता. पण या नॉर्थब्रूक यांचीच दुसरी बाजू अशी की अफगाणिस्तानात ढवळाढवळ करू नये असे त्यांचे ठाम मत होते आणि त्यावरून विलायत सरकारशी त्यांचे पटले नव्हते. आता त्यांच्याच खात्याच्या तोफा अलेक्झांड्रियावर चालल्या.

पाठोपाठ हिंदी फौजेला हुकूम सुटला. पुन्हा सुमारे सात हजार माणसे. पुन्हा मुंबई बंदर. हुकूम देणारे हिंदुस्थानमंत्री कोण? चार वर्षांपूर्वी माल्टाच्या सात हजारांवरून पार्लमेंटमध्ये ठराव मांडणारे लॉर्ड हार्टिंग्टन. या वेळी त्यांनी वेगळा ठराव मांडला. या फौजेच्या खर्चासाठी हिंदुस्थानचे उत्पन्न वापरता यावे, असा तो होता. रिपन यांच्या कलकत्त्याच्या सरकारने या बोजाला कसून विरोध केला. शेवटी ब्रिटिश खजिन्याने पाच लाख पौंड दिले आणि उरलेला भार इथल्या रयतेवर राहिला. माल्टाचा खर्च 'युद्धखोर' डिझरायलींनी स्वतःच्या तिजोरीतून केला होता, हे इथे आठवावे.

मग १८७८ चे ते वादळ या वेळी कुठे गेले? मंत्रिमंडळातून एकच माणूस बाहेर पडला, वृद्ध जॉन ब्राइट. क्रिमियाच्या युद्धाला विरोध केला तेव्हाही ते असेच जवळजवळ एकटे होते. कॉमन्स सभेत इजिप्तच्या मोहिमेसाठी पैसे मागितले गेले तेव्हा बाजूने २७५ आणि विरुद्ध अवघी १९ मते पडली. त्या वर्षी फेब्रुवारीत तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सर, फ्रेडरिक हॅरिसन आणि मोर्ले यांच्या पुढाकाराने आक्रमणविरोधी संघ स्थापन झाला होता. ऐन गरजेच्या वेळी तो विरून गेला. हॅरिसन काबूलच्या वेळी बोलले होते तसेच इजिप्तच्या वेळीही बोलले. विल्फ्रिड ब्लंट यांनी अराबीची बाजू लावून धरली आणि त्यांच्या बचावाच्या वकिलांसाठी पैसा उभा केला. मोर्ले यांचे पत्र मात्र सरकारची अडचण समजावून सांगत राहिले. उदारमतवादी पत्रांपैकी बहुतेकांनी हाच मार्ग धरला. अफगाणिस्तानात जे 'आक्रमण' होते, त्याला इजिप्तमध्ये 'सुव्यवस्था राखणे' म्हणू लागले. १३ सप्टेंबरला तेल-एल-केबीरच्या लढाईत अराबींचा पराभव झाला तेव्हा ग्लॅडस्टन यांच्या आज्ञेने हाइड पार्कात विजयाच्या तोफा झाडल्या गेल्या. चार वर्षांपूर्वी युद्धविरोधी सभा उधळली गेली ते हेच मैदान.

हे सारे वाचताना आम्हाला एक तारीख पुन्हा पुन्हा खुणावत होती. त्याच जुलै महिन्यात कोल्हापूरच्या दिवाणांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 'केसरी' आणि 'मराठा'च्या संपादकांना, म्हणजे आगरकर आणि टिळक या दोन तरुणांना, चार महिन्यांची शिक्षा झाली आणि त्यांची रवानगी मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात झाली. आत त्यांनी १०१ दिवस काढले. खटल्याचा इजिप्तशी काही संबंध नव्हता. पण ते आत असतानाच, डोंगरीपासून फार लांब नसलेल्या बंदरातून ते सात हजार सैनिक निघाले. गळचेपीचा कायदा त्या वर्षी गेला होता, तरी संपादकांना तुरुंग होताच. इकडे बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण कारभार येऊन तेव्हा काही महिनेच झाले होते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. वर्तमानपत्रवाले लबाड होते, एवढ्यावर उत्तर संपत नाही. मोर्ले लबाड नव्हते, फॉसेट तर नव्हतेच. आम्हाला दिसलेली कारणे साधी आहेत.

पहिले कारण असे की वर्तमानपत्र मोठ्या माणसाच्या तोंडून आलेला विरोध छापते. ग्लॅडस्टन बोलत होते म्हणून दहा स्तंभ मिळत होते. ग्लॅडस्टन गप्प झाले, किंवा स्वतःच तोफांची आज्ञा देऊ लागले, तेव्हा विरोध करायला उरले कोण? समोरचा हुजूर पक्ष तर युद्धाच्या बाजूचाच. मग राहिले ब्राइट, हॅरिसन, ब्लंट आणि कामगारांच्या काही शांतता सभा. त्यांच्या सभेला एक बातमीदार पुरतो आणि बातमीला चार ओळी.

दुसरे कारण मालकीचे आणि मैत्रीचे. जे पत्र एका पक्षाला निवडून आणण्यासाठी वर्षभर झटले, त्याला त्या पक्षाचे पहिलेच मोठे पाऊल चुकले असे लिहिणे जड जाते. संपादक स्वतःला सांगतो की आपले लोक आहेत, त्यांना वेळ दिला पाहिजे, आपण झोडपले तर ते दुसरे परत येतील. हा युक्तिवाद खोटा नसतो, म्हणूनच तो धोक्याचा असतो.

तिसरे कारण वाचकाचे, म्हणजे तुमचे-आमचे. ज्याला मिडलोथियनची भाषणे वाचून डोळ्यांत पाणी येत होते, त्यालाही निकालानंतर हायसे वाटले. चांगले लोक आले, आता ते बघून घेतील. युद्धाची बातमी वाचायचा त्याचा उत्साह गेला, आणि वाचक उत्साहाने वाचत नाही ते पत्र उत्साहाने छापत नाही.

ज्यांना हे हायसे वाटणे परवडणारे नव्हते ते समुद्राच्या अलीकडे होते. इथल्या माणसासाठी लंडनचे सरकार बदलले तरी युद्धाचे बिल ज्या नावावर फाडले जाई, ते नाव बदलत नव्हते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत विद्यालयात काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. ते खरे तर पुण्यात व्हायचे होते, पण तिथे पटकीची साथ आल्याने मुंबईला हलवावे लागले. जमलेल्या ७२ जणांनी केलेल्या ठरावांत वाढत्या लष्करी खर्चाला विरोध करणारा एक होता आणि उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याविषयी नापसंती दर्शवणारा दुसरा. ब्रह्मदेशावर स्वारी झाली होती हुजूर पक्षाच्या राज्यात, नोव्हेंबरमध्ये. १ जानेवारी १८८६ ला तो प्रदेश खालसा झाला आणि महिन्याभरात विलायतेत सरकार पडले. पुन्हा ग्लॅडस्टन आले. आता तरी ब्रह्मदेश परत मिळेल, निदान खर्च तरी टळेल, असे ज्यांना वाटले असेल त्यांची निराशा झाली. फेब्रुवारीत नव्या सरकारनेच ब्रह्मी मोहिमेचा खर्च हिंदुस्थानच्या उत्पन्नातून करण्याचा ठराव पार्लमेंटकडून करून घेतला.

ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला मंडालेहून काढून त्याच वर्षी आपल्या रत्नागिरीत आणून ठेवले. तिथेच १९१६ मध्ये तो वारला. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात गेलेल्या आपल्यातल्या कित्येकांनी थिबा पॅलेसच्या गॅलरीत उभे राहून फोटो काढले असतील. त्या वाड्यामागे दोन सरकारांची सही आहे, एकाने पकडून आणले आणि दुसऱ्याने तसेच ठेवले, हे आम्हालाही या वाचनातच कळले.

बिलाचा प्रश्न मात्र इथल्या माणसांनी सोडला नाही. हिंदी खर्चाची चौकशी करण्यासाठी वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, तेव्हा १८९७ मध्ये तिशीतले गोपाळ कृष्ण गोखले लंडनला जाऊन आकडेवारीनिशी साक्ष देऊन आले. दिनशा वाच्छांचीही साक्ष झाली. दादाभाई तर आयोगाचे सभासदच होते. सरहद्दीबाहेरच्या मोहिमांचा भार हिंदुस्थानवर का, हा फॉसेट यांचा जुना प्रश्न आता विचारणारे स्वतः हिंदी होते, आणि विलायतेत कोणता पक्ष अधिकारावर आहे यावर तो अवलंबून राहिला नव्हता. अखेर आयोगाने काही रकमेचा भार इंग्लंडने उचलावा अशी शिफारस केली. रक्कम लहान होती. पण बिल चुकीच्या नावावर फाडले जात होते, ही गोष्ट कागदावर मान्य झाली.

आणि मोर्ले? १९०५ च्या अखेरीस उदारमतवादी पक्ष पुन्हा अधिकारावर आला आणि काबूलच्या फाशांवरचा लेख छापणारे हे संपादक हिंदुस्थानमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, जुलै १९०८ मध्ये, 'केसरी'तील लेखांसाठी लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. हा खटला भरायला नको होता, असे मोर्ले यांनी खासगी पत्रांत लिहिले. शिक्षा मात्र भोगावीच लागली, आणि ती मंडालेच्या तुरुंगात. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेले टिळक मंडालेत.

ज्या सार्वजनिक उत्सवाच्या मांडवात आमची बैठक जमते, तो लोकमान्यांच्या प्रयत्नांतून घराघरातून चौकात आला. लोकांनी एकत्र यावे, ऐकावे, बोलावे हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आम्हा मराठी घरांना त्याचे मोल जरा जास्तच कळते. पिढ्यान् पिढ्या परक्या प्रांतात राहिल्याने राज्यकर्ते बदलताना पाहायची सवयही आम्हाला आहे. संस्थान गेले, प्रांत गेला, नवे राज्य आले. दर वेळी कोणी ना कोणी म्हणालेच की आता आपले लोक आले.

त्या मुलाला आमचे उत्तर एवढेच आहे. मोर्चे बहुधा असतातच. ते मोठ्या माणसाच्या आधाराने पहिल्या पानावर आलेले असतात आणि तो आधार गेला की आतल्या पानावर जातात. तिथे त्यांना शोधावे लागते. सरकार बदलल्यावर वर्तमानपत्र हाती घेतले की आम्ही आता दोन गोष्टी पाहतो. काल ज्याला आक्रमण म्हणत होते त्याला आज काय म्हणत आहेत, आणि खर्च अजून त्याच नावावर पडतो आहे का. हार्टिंग्टन यांचे दोन ठराव शेजारी शेजारी ठेवून वाचले असते तर १८८२ च्या वाचकालाही ते दिसले असते. दोन्ही पार्लमेंटमध्ये उघड मांडले गेले होते, कोणी लपवले नव्हते.

यंदाच्या बैठकीला तो मुलगा येईलच. खुर्च्या नेहमीच्याच जागी आहेत, चहाही तोच. वाचकांपैकी कोणाच्या घरी पणजोबांच्या पेटीत त्या काळचे एखादे वर्तमानपत्र, पलटणीतले एखादे पत्र किंवा पदक असेल, तर ते घेऊन अवश्य यावे. मैवंदला गेलेल्या आणि इजिप्तला गेलेल्या शिपायांविषयी लंडनच्या पत्रांनी काय छापले, हे थोडेफार वाचायला मिळते. त्यांच्या घरी काय कळले, ते अशा पेट्यांतूनच निघेल.

गणपती बाप्पा मोरया!